एका टेबलावर बसताना

(मुस्लिम युवक-युवतींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून तुम्ही शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा आणि कौटुंबिक कायदा असे भारदस्त विषय ऐकलेत. आता जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास उरलाय, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडतायत आणि नेमका हाच वेळ संयोजकांनी खाण्यावर बोलायला दिलाय. त्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. पण विषय मी मागून घेतला आहे. कारण तुमच्या वयात मैत्री टिकते ती बहुतेक वेळा खाण्याच्या निमित्ताने. कॉलेज सुटतं, नोकऱ्या वेगळ्या लागतात, तरी महिन्यातून एकदा सगळे जमतात ते कुठेतरी खायला जायचं म्हणून.

असा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप डोळ्यासमोर आणा. मुंबईतला धरू. त्यात एक जैन मुलगी आहे, एक मालवणी मुलगा आहे, एक बौद्ध, एक तमिळ आणि मुंब्र्याहून येणारी तुमच्यासारखी एक. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी लिहितं, "कुठे जायचं?" पुढची चाळीस मिनिटं फक्त हाच प्रश्न चालतो. एकाला कबाब हवेत, एकीला कांदा-लसूण चालत नाही. एकीला मांस हलाल आहे का ते विचारायचं असतं, पण ती विचारत नाही. एकाच्या खिशात दोनशे रुपये आहेत, तो म्हणतो, "मला काम आहे, तुम्ही जाऊन या." आपला अर्धा समाज या चाळीस मिनिटांत दिसतो. म्हणून मला हा प्रश्न नागरिकशास्त्राचा वाटतो.

आणि हे मी म्हणतो म्हणून नाही. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे की भारताच्या संविधानात हॉटेलचा उल्लेख आहे? कलम १५, उपकलम २. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागांमध्ये जाण्यापासून अडवता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्याच्याच शेजारी विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांचाही उल्लेख आहे. समता, स्वातंत्र्य यांसारखे मोठे शब्द लिहिणाऱ्या लोकांना मूलभूत हक्कांत खानावळीसारखी साधी गोष्ट घालावीशी का वाटली असेल?

कारण त्यांनी तो अपमान पाहिलेला होता. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगवेगळी सोय असायची. तहान एकच, पण मडकी दोन. आणि दलितांना तर दोन्हींपासून लांब उभं राहून ओंजळीत वरून पाणी पडण्याची वाट बघावी लागे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते याच व्यवस्थेविरुद्ध. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद भरली, तेव्हा तिच्या मंडपासाठी जागा मिळेना. ती जागा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी दिली. कोकणातल्या मुला-मुलींनो, हे नाव घरी जाऊन सांगा. कुणी कुठे बसायचं, कुणी कुठे पाणी प्यायचं या लढाईत आपल्यातला एक माणूस जागा देणारा होता.

आता शहराकडे येऊ. आज आपण सहज एका टेबलावर बसतो, ती सवय मुंबईला लावली कुणी? त्यात मोठा वाटा इराण्यांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला याझ्द आणि केरमान या भागांतून इराणी लोक इथे आले. त्यातले बरेच झरथुष्ट्री होते, पण काही शिया मुसलमानही होते. त्यांनी नाक्यानाक्यावर चहाची दुकानं काढली. धोबी तलावचं कयानी १९०४ सालचं. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. पुण्याचं गुडलक १९३५ चं. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडाच्या वाकलेल्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि काउंटरवर बरण्या. इराणी माणूस बाहेरून आलेला, त्याला इथल्या जातींशी देणंघेणं नव्हतं. गिरणी कामगार, वकील, टॅक्सीवाला, कवी, सगळे एकाच प्रकारच्या कपातून चहा प्यायचे आणि बनमस्का त्यात बुडवायचे. एकेकाळी शेकड्यांनी असलेले हे कॅफे आज बोटांवर मोजता येतील इतके उरलेत. ते बंद होताना आपण फोटो काढतो. पण तिथे बिनओळखीचा माणूस समोरच्या खुर्चीवर येऊन बसायचा आणि कुणी त्याचं आडनाव विचारायचं नाही, तेही त्यांच्याबरोबर जातंय, ते फोटोत येत नाही.

दुसरा वाटा उडुपीवाल्यांचा. माटुंग्याचं रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. गावाहून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या नोकरदाराला स्वस्तात पोटभर जेवण मिळालं ते अशा ठिकाणी. पण इथे भाबडं व्हायला नको. दक्षिणेत पुष्कळ हॉटेलांत ब्राह्मणांची पंगत वेगळी असायची. १९५७ मध्ये मद्रासमधल्या एका हॉटेलच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढायला लावण्यासाठी पेरियारांच्या अनुयायांना आंदोलन करावं लागलं. संविधान लागू होऊन सात वर्षं झाल्यावरची ही गोष्ट आहे. म्हणजे कलम लिहिल्याने टेबल मोकळं होत नाही. कुणीतरी जाऊन बसावं लागतं.

पाटीचा विषय निघालाच आहे तर आजच्या पाट्यांबद्दल बोलू. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात आणि उत्तराखंडमध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाण्याच्या दुकानांनी मालकांची नावं पाटीवर लावावीत, असे आदेश निघाले. पदार्थाचं नाव नव्हे, मालकाचं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचं अन्न विकता ते सांगा, नाव सांगायची सक्ती नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' ग्राहकांसाठी हिरव्या कपड्यांतले वेगळे डिलिव्हरीवाले जाहीर केले. टीका झाली. लाल कपड्यांतल्या मुलाला सोसायटीच्या गेटवर अडवलं तर काय, हा प्रश्न लोकांनी विचारला आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने वेगळ्या कपड्यांचा निर्णय मागे घेतला. त्याआधी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये शाकाहारींसाठी काही टेबलं राखून ठेवली गेली. त्याला विरोध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला.

या तिन्ही गोष्टी मी एकत्र का सांगतोय? कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. शाकाहारी माणसाला शाकाहार सांभाळायचा पूर्ण हक्क आहे. पण त्याच्या ताटातून आता माणसांची विभागणी सुरू झाली आहे. अन्न कसं बनलं हे विचारता विचारता ते कुणी बनवलं, कुणी आणलं, शेजारी कोण बसलंय इथपर्यंत गोष्ट जाते. भाड्याने घर शोधताना तुमच्या घरच्यांनी हे ऐकलंच असेल, "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही." त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नसते.

अशा वेळी आपण काय करतो? माझ्या पाहण्यात आपली मुलं दोन गोष्टी करतात. एक तर आपल्याच गल्लीत राहतात. मुंब्रा-कौसा, कुर्ला, पुण्यात कोंढवा, इथे आता खाण्याची काय कमी आहे? शवर्मा आहे, मंदी आहे, मोमो आहेत. १९९२-९३ च्या दंगलीनंतर कितीतरी कुटुंबं मुंब्र्यात गेली, ती जीव मुठीत धरून गेली. पण तिथे जन्मलेल्या मुलाला कधी दादरला जाऊन साबुदाणा वडा खावासाच वाटू नये, ही वेगळी गोष्ट आहे. ती भिंत आता बाहेरून कुणी बांधत नाही, आपण आतून एकेक वीट लावतोय. दुसरी मुलं बाहेर पडतात, पण नाव घरी ठेवून. टेबल बुक करताना समीर सांगायचं, 'समी' म्हणायचं, ग्रुपमध्ये हलालचा प्रश्न आला की "आज पोट ठीक नाही, मी फक्त फ्राईज घेईन" म्हणून सुटायचं. दोन्ही मार्ग मला समजतात. दोन्हींमध्ये मैत्री मात्र अर्धीच राहते.

तिसरा मार्ग साधा आहे. आपण काय खातो, काय खात नाही, हे सरळ सांगायचं. लाजायचं नाही, भाषणही द्यायचं नाही. "मी हलालच खाते, त्यामुळे इथे मासे घेईन." संपलं. जैन मैत्रीण बटाटा नाही म्हणते तेव्हा तुम्ही तिला मागासलेली म्हणत नाही ना? मग तुमचा नेमही तितकाच सहज सांगता यायला हवा. ज्यांना हलालची फार फिकीर नाही तेही या सभागृहात असतील, तो त्यांचा आणि अल्लाहचा व्यवहार. त्यांनी नेम पाळणारीला हसू नये आणि तिने त्यांची झाडाझडती घेऊ नये, एवढंच.

आणि धर्माच्या नावाने "त्यांच्यात जेवू नये" असं कुणी सांगत असेल तर त्याला कुराण उघडायला सांगा. पाचव्या सूरेतली पाचवी आयत ग्रंथधारकांचं अन्न आपल्याला आणि आपलं त्यांना वैध ठरवते. चोविसाव्या सूरेच्या एकसष्टाव्या आयतीत एकत्र जेवा किंवा वेगवेगळे जेवा, त्यात गुन्हा नाही, असा आशय आहे. पहिल्या आयतीची व्याप्ती किती यावर उलेमांची चर्चा आहे. पण दुसऱ्याच्या शेजारी बसून वरण-भात खायला कुठल्याच फिकहची आडकाठी नाही.

माशांचंच घ्या. माशाला जिबह लागत नाही. कोकणी मुसलमान शाफई, म्हणून त्यांच्याकडे कोलंबी, खेकडे, तिसऱ्या सगळं चालतं. हनफी घरांत खेकडा चालत नाही. म्हणजे आपल्या आपल्यातही ताटं वेगळी आहेत आणि तरी आपण भाऊ-बहीण आहोत! मुंबईतल्या मालवणी आणि गोमंतकी खानावळी ही आपल्यासाठी सगळ्यात सोपी जागा. तिथल्या सुरमईच्या कालवणात नारळ, कोकम, तिरफळ पडतं. रत्नागिरीच्या, रायगडच्या घरातल्या मुलीला तिथे पहिला घास घेताना परकं वाटणार नाही. तिची नानी आणि त्या खानावळीची मालकीण एकाच किनाऱ्यावरच्या आहेत.

शब्द बघा. आपली आवडती निहारी. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस, त्यावरून सकाळचं खाणं. शेतकरी बांधावर बसून 'न्याहारी' करतो तो शब्द तिथूनच आलाय. भेंडी बाजारातल्या हंडीत आणि शेतातल्या भाकरीच्या फडक्यात एकच शब्द बांधलेला आहे. 'बर्फी'त फारसी बर्फ आहे. 'पाव' आणि 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आले, म्हणजे वडापावमधलं जे जे मराठी वाटतं त्यातलं निम्मं समुद्रावरून आलंय. उपासाच्या साबुदाण्यातली मिरची, बटाटा ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. अन्नाची शुद्धता सांगणाऱ्याशी वाद घालू नका. त्याच्यासमोर एक प्लेट वडापाव ठेवा आणि ही गोष्ट सांगा.

आता यजमानपणाबद्दल. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीभोवती सगळी मुंबई लोटते. सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडे अफलातून आणि फिरनी, रस्त्यावर तव्यावर फुगणारा मालपुवा, शीग, खिचडा. पुष्कळ गैरमुस्लिम तरुण वर्षात एकदाच मुस्लिम वस्तीत पाऊल टाकतात, ते त्या रात्री. आपल्यातल्या काहींना याचा राग येतो. "आमच्या गल्लीत येऊन रील काढतात आणि घर द्यायची वेळ आली की नाही म्हणतात." राग खोटा नाही. पण आलेल्या पाहुण्यावर तो काढून हाती काय लागतं? तो माणूस आलाय, त्याने आपल्या हातचं खाल्लंय. दार अर्धं उघडलंय. ते पूर्ण उघडायचं काम यजमानाचं आहे.

म्हणून मित्रांना एकट्याने फिरू देऊ नका, तुम्ही घेऊन जा. इफ्तारच्या नेमक्या वेळी गर्दी करण्याऐवजी तरावीहनंतर जा. रोजा काय असतो ते आयत सांगून नव्हे, दिवसभराच्या गमतीजमती सांगून कळू द्या. आणि रमजान संपल्यावर पुन्हा न्या. बोहरी मोहल्ल्यात बारा हंडी आहे, रात्रभर मंद आचेवर पाये आणि नळ्या शिजतात आणि सकाळी कष्टकरी माणसं पावाबरोबर ते खाऊन कामाला लागतात. तिथे ताज आइस्क्रीम आहे, १८८७ सालापासूनचं, हाताने फिरवलेल्या संचाचं. नूर मोहम्मदीत एम. एफ. हुसेन यांनी केलेलं चित्र आहे. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर पुनर्विकास चाललाय, जुन्या चाळी जाऊन टॉवर येतायत. हे सगळं मित्रांना दाखवलंत तर त्यांना सणातल्या जत्रेपलीकडची वस्ती दिसेल. तिथे माणसं भाड्याची, शाळेची, पाण्याची चिंता करतात हे कळेल.

आणि एक नियम पाळाच. मोहम्मद अली रोडच्या मालपुव्यात अंडं असतं. तुमच्या शाकाहारी मैत्रिणीला गोड पदार्थ म्हटल्यावर ते सुचणार नाही. तोंडात घालायच्या आधी तिला सांगा. तिने खाल्लं तर तिचा निर्णय, नाही खाल्लं तर फिरनी मागवा. "थोडंसं असतं, काय होतंय" असं म्हणून कुणाचा नेम मोडण्यात काय मोठेपणा? तुम्ही गोव्यात तिच्या ओळखीच्या घरी गेलात आणि सोरपोटेलमध्ये डुकराचं मांस आहे हे तिने आधी सांगितलं, तर तुम्हाला जसं हायसं वाटेल तसंच तिला इथे वाटू द्या. माझ्या मते मैत्रीत विश्वास यापेक्षा वेगळा काही नसतो. माझ्या पाठीमागे माझं ताट सांभाळलं जाईल, याची खात्री.

बीफचा विनोद प्रत्येक ग्रुपमध्ये कधीतरी होतो. तेव्हा घाबरू नका आणि भडकूही नका, आधी कायदा माहीत करून घ्या. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशीच्या मांसावर ही बंदी नाही. आपल्या खाटीकवाड्यांत आणि हॉटेलांत 'बडे का' म्हणून जे मिळतं ते म्हशीचं. ही चार वाक्यं तुम्हाला शांतपणे सांगता आली तर विनोद तिथेच संपतो.

आता जरा आपल्या घरात बघू. इथे समोर निम्म्या मुली बसल्या आहेत. तुमच्यापैकी किती जणी रात्री आठ वाजता मैत्रिणींबरोबर आपल्याच मोहल्ल्यातल्या हॉटेलात, खालच्या मजल्यावर, रस्ता दिसेल अशा टेबलावर बसल्या आहेत? हात फारसे वर येत नाहीत. 'फॅमिली रूम' वरच्या मजल्यावर असते, तिला पडदा असतो, जिना अरुंद असतो. बरोबर भाऊ किंवा नवरा नसेल तर वेटरही बिचकतो. आपली मुलगी दादरच्या हॉटेलात जास्त मोकळेपणाने बसते आणि आपल्याच वस्तीत बसत नाही, हे मला खुपतं. कलम १५ मध्ये धर्म आणि जातीबरोबर 'लिंग' हाही शब्द आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम महिला तलाकच्या प्रश्नावर मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या. रस्त्यावर दिसणं हेच त्यांचं पहिलं धाडस होतं. साठ वर्षांनंतर एका टेबलावर बसून चहा पिणं तुम्हाला धाडस वाटू नये. मुलांनो, तुम्ही खाऊगल्लीच्या सहलीला निघता तेव्हा बहिणीला विचारता का? नुसतं "घरी पार्सल आणू का?" असं नाही. "चलतेस का?" असं.

दुसरी गोष्ट जातीची. आपण अभिमानाने सांगतो की आमच्यात सगळे एका थाळात जेवतात. दाऊदी बोहरांचा मोठा थाळ, त्याभोवती आठ जण, मीठ चाखून सुरुवात. सुंदर रिवाज आहे. पण लग्न ठरवताना बागवान, कसाई, अत्तार, सय्यद हे शब्द कुठून येतात? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सहभोजनाने जात मरत नाही, असं स्पष्ट मांडलंय. त्यांच्या मते खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि त्याहून खोल, जातीला पावित्र्य देणाऱ्या श्रद्धेला हात घालणं. तेव्हा मित्रांबरोबर एकदा मिसळ खाल्ली म्हणून आपण समाज बदलला अशा भ्रमात राहू नका.

मग या एकत्र खाण्याचा उपयोग काय? उपयोग असा की हॉटेलचं टेबल घराचं दार उघडतं. आपल्या गावांत हे दार नव्हतं असं नाही. पश्चिम महाराष्ट्रात मोहरमला चोंगे आणि मलिदा होतो तेव्हा त्यात मराठा, धनगर घरंही असतात. ईदला शिरखुर्म्याचे डबे जातात, दिवाळीला फराळाची ताटं येतात. पण त्यातही एक अदबीचं अंतर होतं. शाकाहारी घरी शिजवलेलं न पाठवता कोरडा शिधा पाठवायचे. आदर होता, पण चूल वेगळी होती. शहराने तुम्हाला त्यापुढे जायची सोय दिली आहे. मुंबईत मुनाफ कपाडिया या तरुणाने आई नफिसा यांच्या हातचं बोहरी जेवण द्यायला अनोळखी लोकांना घरी बोलवायला सुरुवात केली आणि त्यातून 'द बोहरी किचन' उभं राहिलं. लोक पैसे देऊन एका मुस्लिम घरात जाऊन थाळाभोवती बसले. तुम्हाला धंदा काढायला सांगत नाही. पण तुमच्या ग्रुपमधला एकतरी मित्र तुमच्या अम्मीच्या हातचं जेवलाय का आणि तुम्ही त्याच्या आईच्या हातचं, एवढं मोजून बघा.

जाता जाता खिशाबद्दल. टीटीएमएम, तुझं तू माझं मी, हे बरोबरीच्या पगारात ठीक आहे. ज्याला "काम आहे" तो खरंच कामात आहे की त्याच्याकडे पैसे नाहीत, हे ओळखायला शिका. महिन्यातली एक भेट अशी ठरवा जिथे शंभर रुपयांत पोट भरतं. कटिंग चहा, वडापाव, इडली आणि मग समुद्र. समुद्राला बिल नाही. आणि जिथे खाल तिथल्या वेटरला नाव विचारा, ताटात टाकू नका. खा-प्या, पण उधळू नका, हे आपल्याला कुराणानेच सांगितलंय.

आता तुम्हाला एक काम देतो, कारण आपल्या मेळाव्यातून कुणी गृहपाठाशिवाय घरी जात नाही. येत्या तीन महिन्यांत तुमच्या ग्रुपला तीन ठिकाणी न्यायचं. एकदा तुमच्या मोहल्ल्यात, रमजान नसताना. एकदा त्यांच्यापैकी कुणाच्या तरी भागात, जिथे तुम्ही कधी गेला नाहीत, मग ते माटुंगा असो की गिरगाव की पुण्यातली सदाशिव पेठ. आणि तिसऱ्यांदा कुणाच्या तरी घरी. तिन्ही ठिकाणी स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं, स्वतःचा नेम सांगायचा आणि दुसऱ्याचा विचारायचा. एखाद्या ठिकाणी कुणी तिरका बघेल. कदाचित कुणी काही बोलेलही. तेव्हा तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले मित्र काय करतात ते पाहा. त्यांनाही त्या दिवशी स्वतःबद्दल काहीतरी कळेल. कुणी खरोखरच आत येऊ दिलं नाही तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा आणि आपल्या कार्यकर्त्यांना कळवा. कलम १५ कशासाठी आहे ते आपण तिथे जाऊन सांगू.

बाहेर डाळ-भाताचा वास सुटलाय. स्वयंपाक आपल्या मुलींनी आणि मुलांनी मिळून केलाय, त्यात कांदा-लसणाशिवायची एक भाजी वेगळी ठेवली आहे, हे मी आत येताना पाहिलं. बसताना ओळखीच्या माणसाशेजारी बसू नका, एवढी आजची विनंती.